त्रेचाळीस नंबरचे अकरा अभिप्राय

मानसिंगरावांनी पुस्तक टेबलावर पालथं ठेवलं. मागच्या पुठ्ठ्यावरचा छोटा क्रूस सगळ्यांना दिसावा म्हणूनच तसं ठेवलं असणार, असं शरयूला वाटलं.

"बांदलबाई, हे तुमच्या पेटीतून आलंय," ते म्हणाले.

भोरच्या ज्ञानदीप वाचनालयाची ती चैत्रातली बैठक. मानसिंगराव अध्यक्ष, पेठेतले दुकानदार सर्जेराव सभासद, आणि शरयू बांदल चिटणीस. शरयू मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवायची. पुण्याला राहून रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, कमी बोलणारी, आणि एकदा बोललेला आकडा सहसा न बदलणारी.

पेटी तिचीच होती, हे खरं. एकोणीसशे सहासष्टमध्ये, म्हणजे तीन वर्षांपूर्वी, तिने हट्टाने ती सुरू केली होती. पत्र्याची हिरवी ट्रंक, आत चाळीस पुस्तकं. महिन्यातून एकदा ती एस.टी.च्या टपावर चढायची आणि नसरापूर, मार्गासनी करत वेल्ह्याला उतरायची. तिथून कुणाच्या तरी डोक्यावरून पासलीपर्यंत जायची. महिन्याने त्याच वाटेने परत. पेटीतल्या आणि वाचनालयाच्या कपाटांतल्याही प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी शरयूने एक कागद चिकटवला होता. त्याला रकाने तीन: तारीख, सभासद क्रमांक, अभिप्राय. नावाचा रकाना तिने जाणूनबुजून ठेवला नव्हता. नाव लिहायचं म्हटलं की बायका 'पुस्तक चांगले आहे' एवढंच लिहून मोकळ्या होतात, हे तिने पाहिलं होतं. आणि ट्रंकेच्या झाकणावर पांढऱ्या रंगाने लिहिलं होतं: 'पुस्तक घेणाऱ्याने अभिप्राय दिलाच पाहिजे. अभिप्रायाशिवाय पुढील पुस्तक मिळणार नाही.'

पुस्तकाचं नाव 'गव्हाचा माळ'. शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या पश्चिमेकडची प्रेमकथा, मराठीत आणलेली. सरकारी दवाखान्यातल्या एका ख्रिस्ती नर्सबाईंची बदली झाली तेव्हा त्या पुस्तकांचा गठ्ठा देऊन गेल्या, त्यातलं हे. हॅना नावाची मुलगी नुसत्या पत्रांवर लग्न ठरवून बैलगाडीने महिनोन् महिने प्रवास करते. पोचल्यावर कळतं की योनास लंगडा आहे, बिजवर आहे आणि त्याला एक लहान मुलगी आहे. लग्न लावणारा पाद्री त्या मुलखात वर्षातून एकदाच येतो. तोवर हॅना घरात राहते आणि योनास गोठ्यात झोपतो. मधे हिवाळा, आजारी गाय, पुष्कळ प्रार्थना.

"कागद पाहा," मानसिंगराव म्हणाले. "एका महिन्यात अकरा अभिप्राय. अकराच्या अकरा सभासद क्रमांक त्रेचाळीस. अक्षर एक, शाई एक. आणि ही असली शाई मी तरी भोरच्या बाजारात पाहिली नाही. त्रेचाळीस म्हणजे कोण?"

शरयूने नोंदवही पाहिली. "रतनबाई गेनू रणखांबे. पासली."

"म्हणजे बौद्ध." मानसिंगराव खुर्चीत मागे रेलले. "तेरा वर्षांपूर्वी एकदा धर्म बदलून झालाय. सवय मोडलेली दिसत नाही."

सर्जेराव हसले. शरयू हसली नाही.

"सातवा अभिप्राय मोठ्याने वाचा."

तिने वाचला. "तिचा देव तिचे ऐकतो. आमचे कोण ऐकते."

"झालं. पुस्तक आपलं, पेटी आपली, एस.टी.चं भाडं आपलं, आणि प्रचार भलत्याचाच. कुणीतरी त्या बाईला हाताशी धरून अकरा माणसांची मतं एकटीकडून लिहून घेतोय. तुम्ही शास्त्रवाल्या. तपास करा. पुढच्या रविवारी लेखी द्या. एकाच माणसाचं काम निघालं तर वेल्ह्याकडची पेटी बंद."

शरयूने पुस्तक घरी नेलं आणि मुलींच्या वह्या तपासते तसं तपासलं. अक्षर एकच होतं, त्यात वादच नव्हता. 'ळ' खाली ओढायची आणि 'र'ला शेपूट काढायची तीच सवय अकराही ठिकाणी. कागदाच्या कडेला, एका अनुस्वारावर तिने लिंबाच्या रसाचा थेंब टाकला. काळा ठिपका पिवळट होत विरून गेला. लोखंड आणि तुरट पदार्थ यांची शाई. घरी केलेली.

इथपर्यंत मानसिंगराव बरोबर ठरत होते, आणि ते तिला आवडत नव्हतं. पण न आवडणं हा काही पुरावा नव्हे. मग तिने अभिप्राय पुन्हा वाचले, या वेळी अक्षराकडे न बघता.

'योनास वर्षभर गोठ्यात झोपला हे खरे वाटत नाही. लिहिणारी बाई बिनलग्नाची असावी.'

'पत्रात लंगडेपण लपवले. आमच्यात सोयरीक मोडली असती. ती राहिली कारण परत जायला गाडी नव्हती. त्याला प्रेम म्हणू नये.'

'गाय फुगली असताना ती गुडघे टेकून बसते. आधी गाय उठवून चालवायला पाहिजे होती.'

'सवतीच्या पोरीला तिने जीव लावला. इथे मला रडू आले.'

'एवढी जमीन आणि शेजारी कोणी नाही. असल्या ठिकाणी पोरगी देऊ नये.'

'तो माळ त्यांच्या आधी कोणाचा होता ते सांगितले नाही.'

या शेवटच्या वाक्याशी ती थांबली. एका बाईच्या डोक्यातून 'रडू आले' आणि 'प्रेम म्हणू नये' ही दोन्ही निघू शकतात का? हुशार बाई असेल तर निघूही शकतील. अकरा माणसं असल्याचा आव आणायचा तर अकरा तऱ्हा हव्यातच. म्हणजे वेगळेपणा हासुद्धा लबाडीचा पुरावा ठरू शकत होता. शरयूला त्या न पाहिलेल्या रतनबाईचा पहिल्यांदाच राग आला. तीन वर्षं वादावादी करून चालवलेली पेटी, आणि ही बाई बसून खोटे अभिप्राय लिहिते.

शाळेला सुट्टी लागली होती. बुधवारी सकाळच्या एस.टी.ने ती वेल्ह्याला उतरली आणि पासलीकडे चालत निघाली.

रतनबाईच्या दारात सासू दोरी वळत बसली होती. तिने शरयूला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "लूपवाल्या बाई का तुमी? पोरं थांबवनाऱ्या?"

"नाही. भोरच्या वाचनालयातून आले."

सासूचा चेहरा आणखीच बंद झाला. "रतन हिरड्याला गेलीया. वरच्या कातळावर. कवा येईल ठावं न्हाई."

कातळ गावापासून बराच वर, रानाच्या तोंडाशी होता. काळ्या दगडावर बाळहिरडे वाळत घातले होते आणि आंब्याच्या सावलीत सात बायका पाचोळा निवडत बसल्या होत्या. शरयू वर पोचायच्या आधी तिला एक सलग आवाज ऐकू येत होता, शाळेत धडा वाचतात तसा. ती दिसताच आवाज थांबला. कुणीतरी काहीतरी गोणपाटाखाली सरकवलं.

"रतनबाई रणखांबे कोण?"

"म्या." तिशीची, सडसडीत, कपाळ मोकळं.

शरयूने नाव सांगितलं, काम सांगितलं, पिशवीतून पुस्तक काढलं. "हे कुणी कुणी वाचलं?"

"म्या वाचलं. येकटीनं."

"आणि हे अकरा अभिप्राय?"

"म्याच लिवलं समदं."

इतकं सरळ उत्तर तिने अपेक्षिलं नव्हतं. तिने बाकीच्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या माना खाली.

"तुम्हांला ठाऊक आहे का हे पुस्तक?"

"कसलं पुस्तक, बाई," सगळ्यांत म्हातारी म्हणाली. ती धोंडाबाई, हे नंतर कळलं. "आमाला काळी रेघ कळंना. आमी आपलं हिरडं येचतो."

"ऐकलंसुद्धा नाही?"

"कुटलं आलंय ऐकनं. कान गेलं माजं कवाच."

तपास इथे संपायला हरकत नव्हती. कबुली मिळाली होती. पण शरयूची नजर कामावर होती. प्रत्येकीपुढे तिची तिची रास होती. सहाजणींच्या बोटांना हिरड्याचा काळपट डाग, नखांपर्यंत. रतनबाईचे हात स्वच्छ होते, फक्त उजव्या तर्जनीला शाई. आणि सगळ्यांत मोठी रास तिच्याचपुढे होती. जी वेचत नाही तिचा हिरडा सगळ्यांत जास्त कसा?

प्रयोगशाळेत एखादं द्रावण काही बोलेना, तर त्यात काहीतरी चुकीचं टाकून पाहतात. शरयू एका दगडावर बसली, पुस्तक मांडीवर घेतलं आणि जणू स्वतःशीच म्हणाली, "मला तर नाही आवडलं. त्या योनासची पहिली बायको त्याला सोडून पळून गेली, आणि हा माणूस..."

"पळून न्हाई गेली," धोंडाबाई म्हणाली. "तापानं गेली ती."

मग ठकुबाई नावाची एक जाडजूड बाई तोंडावर पदर धरून हसायला लागली. "ह्या थेरडीचं कान बगा कसं आलं माघारी."

"आता मेलेल्या बाईवर आळ घ्यायचा व्हय?" धोंडाबाई तडकली. "तापानं गेली, पोरगी दोन वर्साची ठेवून. आन ह्यो लपवतोय कागदात. माजं म्हननं तेच हाय, लंगडा तर लंगडा, सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर ती आली असती का?" ठकुबाई म्हणाली.

"नसती आली तर नसती आली. गोठ्यात निजून काय मोठं केलं त्यानं?"

"वरीसभर, आत्ती. तुमचा दाल्ला निजला असता का?"

"त्यो बैलाजवळच निजायचा. पर त्यो बैलाच्या पिरमानं."

मग सगळ्याच बोलायला लागल्या. जाईबाई नावाच्या पोरसवदा सुनेला सवतीच्या पोरीचा तुकडा पुन्हा ऐकायचा होता. बर्फ म्हणजे नक्की काय, यावर अजून वाद होता. रतनने 'गारा, पर मऊ' असं सांगितलं होतं आणि ते कुणाला पटलं नव्हतं.

"माळ आधी कुणाचा होता, हे कुणी विचारलं?" शरयूने विचारलं.

"म्या," धोंडाबाई म्हणाली. "माजं माहेर भाटघरच्या पान्यात गेलं. आता लोकं येत्यात, धरन बगत्यात, लई देखणं म्हनत्यात. खाली काय हाय ते कोन इचारतंय? तसंच त्ये. येवडा मोठा माळ मोकळाच पडला व्हता व्हय ह्यांची वाट बगत?"

शरयूने वही काढली नाही. ती फक्त म्हणाली, "मग आधी खोटं का सांगितलंत?"

आता रतनबाई बोलली. पेटीच्या झाकणावर लिहिलंय, अभिप्राय दिलाच पाहिजे. ऐकलं सगळ्यांनी, तेव्हा मत सगळ्यांचं द्यायला हवं; नाही दिलं तर पुढची पेटी येणार नाही, अशी त्यांची समजूत. म्हणून जिचं तिचं मत तिने जसंच्या तसं लिहिलं. शाई हिरडा लोखंडी तव्यात उकळून केलेली, कारण गावात दौत मिळत नाही. पण नंबर एकटीचा. एका वर्गणीत अकरा जणींनी ऐकलं ही चोरीच झाली, आणि त्याची चौकशी आज ना उद्या येणार, हे धरूनच त्या बसल्या होत्या.

"ऐकण्याला वर्गणी नसते," शरयू म्हणाली.

"न्हाई म्हनता?" ठकुबाईचा विश्वास बसलेला दिसला नाही.

"आणि हिरडा?" तिने रतनबाईच्या राशीकडे बोट केलं.

"वाचनारनीचा वाटा," धोंडाबाईने सांगितलं. "तिचं हात पुस्तकात गुततात. मग आमी येकेक वंजळ तिच्या राशीत टाकतो. फुकाट कोन वाचंल?"

शरयूने मनात मोजलं. रतनबाई धरून सात. "बाकीच्या चौघी?"

बायका पुन्हा पाचोळा निवडायला लागल्या.

"आज आल्या न्हाईत," रतनबाई म्हणाली, आणि म्हणताना तिने धोंडाबाईकडे पाहिलं.

"कुठल्या वाडीच्या?"

"नावं कशाला पायजेत?" धोंडाबाई म्हणाली. "तुमच्या कागदावर नावाला जागा न्हाई. म्हनून तर मतं दिली. बाई, आमी रतनच्या वस्तीत जात न्हाई, ती आमच्या आळीत येऊन बसत न्हाई. ह्यो कातळ कुनाचाच न्हाई. घरच्यांना येवडंच ठावं, हिरड्याला गेल्यात. पुस्तक ठावं न्हाई, आन कुनाशेजारी बसतो त्ये बी न्हाई."

परतताना रतनबाई कातळाच्या कडेपर्यंत आली. "पेटी बंद करनार का?"

"रविवारी ठरेल."

"वाचायचं थांबलं तर म्याबी हिरडाच येचीन. त्याचं काय न्हाई. पर मग मला हितं ह्यांच्यात बसायला कारन न्हाई ऱ्हात."

शरयूने पुस्तक पिशवीत घातलं आणि वाट धरली. उतरताना तिच्या मनात त्या चौघीच होत्या. आहेत का खरंच? की सातच्या अकरा करण्यात रतनबाईचा काही हेतू होता? 'आमचे कोण ऐकते' हे वाक्य कातळावर कुणीच आपलं म्हणून सांगितलं नव्हतं.

पुढचे तीन दिवस तिने वाचनालयात घालवले. शिपाई कुंडलिकला कपाटं उघडायला लावली आणि जी कसोटी पासलीला लावली तीच भोरला लावली.

रविवारी तिने आपलं टिपण वाचलं. अक्षर एक. शाई एक, घरगुती. वाचणारी एक, ऐकणाऱ्या अनेक. आपण स्वतः एकूण सातजणी पाहिल्या. प्रत्येकीला स्वतःचं मत आहे आणि त्या ते भांडून मांडतात. बाहेरच्या कुणाचा हात दिसला नाही. नावं विचारलेली नाहीत.

"आणि चार?" मानसिंगराव म्हणाले.

"पाहिल्या नाहीत."

"म्हणजे खोट्या."

"म्हणजे पाहिल्या नाहीत."

"बाई, शब्दात धरू नका. संशय आहे ना तुम्हांला?"

"आहे," शरयू म्हणाली.

मानसिंगराव खूश झाले. त्यांनी इतिवृत्ताची वही पुढे ओढली.

"टिपणाचं दुसरं पान राहिलंय," ती म्हणाली. "हीच तपासणी मी इथल्या कपाटांची केली. चौदा पुस्तकांत अभिप्राय आहेत, पण पानं छापखान्यातून आली तशी जोडलेली आहेत. मधली कापलेलीच नाहीत. ती पुस्तकं उघडून वाचणं शक्य नाही. त्यांतल्या एका ग्रंथाला 'प्रत्येकाने मनन करावा असा' असं म्हटलंय. पेटी संशयावरून बंद करायची, तर ती कपाटंही त्याच संशयावरून बंद करावी लागतील. सभासद क्रमांक माझ्याकडे आहेत. वाचू का?"

खोलीत पंखा नव्हता, तरी सर्जेरावांनी छताकडे पाहिलं. मानसिंगरावांनी सर्जेरावांकडे पाहिलं. दारातल्या कुंडलिकला एकदम खोकला आला आणि तो बाहेर गेला.

"त्याची आवश्यकता नाही," मानसिंगराव म्हणाले. "पेटी चालू ठेवायला माझी ना नाही. मात्र हे पुस्तक पेटीत जाणार नाही. मी स्वतः तपासेन."

त्यांनी 'गव्हाचा माळ' काखेत धरलं आणि बैठक संपली.

पुढची पेटी वेळेवर गेली आणि महिन्याने परत आली. शरयूने सगळ्यांत आधी त्रेचाळीस नंबरचं पुस्तक शोधलं. एका सद्गुणी कुटुंबाची कादंबरी होती. काळी शाई, तेच अक्षर. अभिप्राय सात.

तिने दोनदा मोजले. शक्यता दोनच होत्या. त्या चौघी कधीच नव्हत्या, आणि ती चौकशी करून गेल्यावर रतनबाईने आकडा सांभाळून लिहिला. किंवा चौघी होत्या, आणि भोरची बाई वही न काढता का होईना पण विचारत विचारत कातळापर्यंत आली, हे ऐकून त्यांनी तिथे बसणं सोडलं. तिच्याकडे असलेला पुरावा दोन्हींना सारखाच लागू पडत होता. पहिल्यात रतनबाई लबाड ठरत होती. दुसऱ्यात, चार बायकांचं एकुलतं एक वाचन शरयूने स्वतः बंद पाडलं होतं.

सातवा अभिप्राय असा होता: 'या पुस्तकात कोणी कोणाशी भांडत नाही. आधीचे बरे होते. त्या वेळी ज्या होत्या त्यांनाही तेच पुन्हा ऐकायचे आहे. तपासून झाले असल्यास धाडावे.'

तिने छत्री घेतली आणि मानसिंगरावांचं घर गाठलं.

"तपास चालू आहे," ते म्हणाले. पुस्तक त्यांच्या उशाशीच होतं. शेवटाकडच्या पानांत खूण म्हणून तपकिरीची पुडी घातलेली.

"सभासदाला असलेली पंधरा दिवसांची मुदत कधीच उलटली. पुस्तक उद्याच्या पेटीत जायचंय."

"आक्षेपार्ह आहे असं मी म्हटलं तर?"

"तर तसं लिहा. कागद मागे आहे. अभिप्रायाशिवाय पुढचं पुस्तक मिळत नाही."

त्यांनी तपकिरीची पुडी पानांतून काढून खिशात टाकली आणि तिच्याकडे पाहिलं. ती कुणाला जाऊन सांगेल का, याचा अंदाज घेत असावेत. मग चष्मा लावून त्यांनी लिहिलं, स्वतःचा क्रमांक घातला आणि शाई वाळायच्या आत पुस्तक मिटलं.

शरयूने रस्त्यात येऊन पाहिलं. 'योनासने पत्रात सत्य लपवले हे गैर. मात्र मुलीच्या आजारपणाचा भाग मन लावून लिहिला आहे. धर्मप्रचार आहे, परंतु वगळून वाचता येतो.'

सोमवारी सकाळी तिने 'गव्हाचा माळ' पेटीत सगळ्यांत वर ठेवलं. त्याला नवा कागद चिकटवला, बारा ओळींचा: सात पाहिलेल्यांच्या, चार न पाहिलेल्यांच्या, आणि एक आणखी कुणी आलंच तर. मग थोडा विचार करून ओळी पुन्हा मोजल्या, आणि कुंडलिकला पेटी एस.टी.च्या टपावर चढवायला सांगितलं.